शाळांच्या परसबागा आणि वाडीतले शेतीगट: वर्षातून एकदा एकत्र यायचं ते कसं?

प्रश्न दाभोळ खाडीच्या परिसरातल्या एका शिक्षिकेचा आहे. खाडीच्या दोन्ही अंगांना, दापोली आणि गुहागर तालुक्यांत मिळून, पाच-सहा शाळांनी परसबागा केल्या आहेत. दोन वाड्यांत कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींनी पडीक जमीन गटाने कसायला घेतली आहे. या सगळ्यांनी वर्षातून एकदा भेटावं असं त्यांच्या मनात आहे. परदेशात तरुणांच्या शेतीगटांचे वार्षिक मेळावे भरतात हे त्यांच्या वाचनात आलं. आपल्याकडे असा मेळावा कधी आणि कुठे भरवावा, किती मुलं बोलवावीत, त्यांनी तिथे काय करावं आणि पैसे कुठून आणावेत, असं त्यांनी विचारलं आहे.

भरवा, आणि याच वर्षी भरवा. अजून थोडी तयारी होऊ दे म्हणून थांबू नका. कोकणात अशा मेळाव्यांच्या आखणीत मी बरीच वर्षं आहे, त्यावरून एक गोष्ट आधीच सांगते. मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात त्याने स्वतः पिकवलेलं आणि वाळवून राखलेलं बियाणं असलं पाहिजे. एवढं पक्कं ठरवलंत की तारीख, जागा, कार्यक्रम, पाहुणे या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप निघतात. ज्या मुलाने दुसऱ्याला द्यायला काही आणलंय ते कोपऱ्यात बसत नाही. त्याला चारजण येऊन विचारतात, हे कुठलं, कसं लावलंस, आम्हाला देशील का. आणि त्याच्याकडे उत्तर असतं.

परदेशातल्या मेळाव्यांबद्दल विचारलंत म्हणून थोडं. अमेरिकेत ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही शाळकरी मुलांची संघटना १९२८ साली कॅन्सस सिटीत स्थापन झाली. तिच्या त्या पहिल्या बैठकीला १८ राज्यांतून मिळून ३३ विद्यार्थी आले होते. आज तिच्या वार्षिक अधिवेशनाला हजारो मुलं जमतात, पण तुम्ही ३३ हा आकडा लक्षात ठेवा. बॉस्टनजवळ ‘द फूड प्रोजेक्ट’ १९९१ पासून शहरातल्या आणि आसपासच्या उपनगरांतल्या मुलांना एका शेतात राबायला आणतो. ‘रूटेड इन कम्युनिटी’ हे अशा अनेक गटांचं जाळं आहे. त्यांचा मेळावा वेगवेगळ्या शहरांत फिरतो, तिथला स्थानिक गट यजमान होतो आणि कार्यशाळा तरुण मुलंच घेतात. २०११ साली फिलाडेल्फियात जमलेल्या मुलांनी चांगल्या अन्नावरच्या आपल्या हक्कांची सनदच लिहून काढली होती.

फिरतं यजमानपद आणि मुलांच्या हातात कारभार, या दोन गोष्टी त्यांच्याकडून जरूर घ्या. बाकीचं तसंच्या तसं इथे आणू नका, कारण त्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथे शहरातल्या गरीब वस्त्यांत ताजी भाजी मिळत नाही म्हणून मुलं मोकळ्या प्लॉटवर वाफे करतात. आपल्याकडे जमीन आहे, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे, पण कसणारे हात मुंबईला गेलेत. जे मागे राहिलेत त्यांच्या शेतात वानर आणि रानडुकरं. शेती म्हणजे ज्याला दुसरं काही जमलं नाही त्याने करायची गोष्ट, असं आपल्या मुलांच्या कानांवर घरातूनच पडत असतं. आपल्या मेळाव्याला उत्तर द्यायचंय ते याला, आणि ते भाषणांनी देता येत नाही. शेजारच्या गावातली, आपल्याच वयाची मुलगी भाताच्या तीन जाती ओळखते आणि ठसक्यात त्यांचे फरक सांगते, हे बघितलं की आठवीतल्या मुलाच्या मनात जे हलतं, त्यासाठी हा खटाटोप.

आता तारीख. पावसाळ्यात बागा सर्वांत छान दिसतात, म्हणून श्रावणात मेळावा घ्यावासा वाटतो. पण तेव्हा घरोघरी लावणी नाहीतर बेणणी चाललेली असते, रस्ते आणि साकव यांचा भरवसा नसतो आणि बी तयार झालेलं नसतं. गणपतीत कोणी कोणाचं नसतं. दिवाळीच्या सुमारास भातकापणी आणि झोडणी. मार्चमध्ये शिमगा आणि परीक्षा. उरतो जानेवारी, तोही संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार-रविवार. त्यानंतर शाळा प्रजासत्ताक दिनाच्या तालमींत अडकतात. जानेवारीत पावसाळी पिकांचं बी कडक वाळलेलं असतं. भात, नाचणी, वरी, भेंडी, माठ, काकडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सगळं हातात असतं. भात काढलेल्या मळ्यांत वाल, पावटा, कुळीथ उभे असतात. जिथे विहिरीला किंवा व्हाळाला पाणी आहे तिथे माठ, मुळा, मिरची, वांगी यांचे वाफे चालू असतात, म्हणजे पाहुण्या मुलांना दाखवायलाही काही असतं. दहावीच्या मुलांना मात्र बोलवू नका, त्यांच्या डोक्यावर पूर्वपरीक्षा असते. सहावी ते नववी हा गाभा धरा आणि वाडीतल्या गटांची सतरा ते बावीसच्या वयाची मुलं वेगळी धरा. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

मुलं साठ-सत्तरच्या वर नकोत. प्रत्येक शाळेतून आठ-नऊ आणि गटांतली मिळून पंधरा. संख्या वाढली की मांडव, लाऊडस्पीकर आणि व्यासपीठ येतं, मग मुलं खुर्च्यांवर बसून ऐकायला लागतात. शनिवारी दुपारी जमून रविवारी जेवून परतायचं, एवढा वेळ पुरतो. मुक्काम मात्र हवाच. मुलं एकमेकांशी खरं बोलतात ती रात्री, जेवणं झाल्यावर. खाडीपलीकडची मुलं दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येतील, तर यजमान शाळा बंदरापासून फार आत नसलेली निवडा. ज्या गावात वस्तीची एसटी येते तिथे सकाळी परतणाऱ्यांचाही प्रश्न सुटतो. मुलींच्या मुक्कामाची खोली, सोबत थांबणाऱ्या शिक्षिका आणि पालकांची लेखी संमती हे सगळं डिसेंबरातच उरकून ठेवा. मुलींना पाठवायला घरचे का कू करतात तेव्हा पत्रक धाडून काही होत नाही. यजमान गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने फोन करून “तुमची पोर माझ्या घरी निजेल” म्हटलं की होतं.

कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने आणि स्वागतगीताने करायची सवय आपल्याला आहे. ती मोडा. मुलं आली, हातपाय धुतले, चहा-पोहे झाले की यजमान मुलांनी त्यांना थेट बागेत न्यावं. वाफ्यागणिक एक मूल उभं. तो वाफा त्याचा, बोलणार तोच, शिक्षकांनी मध्ये तोंड घालायचं नाही. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काय लावलं, काय फसलं, आणि पुढच्या वर्षी काय वेगळं करणार. फसलेलं सांगायला लावणं फार महत्त्वाचं आहे. एका शाळेत सातवीतल्या मुलाने सांगितलं की वांग्याची रोपं वानरांनी तीनदा उपटली, मिरचीला मात्र हात लावला नाही आणि कडेच्या हळदीलाही नाही. लगेच दुसऱ्या गावची मुलगी म्हणाली, आमच्याकडे पण हळद सोडतात, पण आमची कणगरं डुकरांनी उकरली. पाच मिनिटांत सगळी मुलं आपापल्या गावातले वानर आणि डुक्कर काय खातात, काय सोडतात ते सांगायला लागली आणि एकाने वहीत तक्ता मांडला. त्या तक्त्याचा त्या गावांना पुढे खरोखर उपयोग झाला. कडेने हळद, आलं, मिरची आणि आत भाजी, अशी रचना मुलांनीच ठरवली. वानरांचा उपद्रव याने थांबला असं नाही, नुकसान कमी झालं.

खाडीकाठच्या आणि वरच्या अंगाच्या गावांतली मुलं एकत्र आणण्याचा तुमच्याकडे वेगळाच फायदा आहे. कातळावरच्या गावात मातीच कमी, दगडाचा गडगा घालून त्यात माती भरून वाफा करायचा. खालच्या गावात खारं पाणी, बांध फुटला की भात गेलं. दोघांनाही एकमेकांच्या अडचणी ठाऊक नसतात. खारजमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढल्या. हे केंद्र ज्याच्या अखत्यारीत येतं ते दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभं आहे आणि तुम्हाला तर ते जवळच आहे. या जातींचे नमुने आणि माहिती सांगणारं माणूस तिथून मागवता येतं. मात्र तज्ज्ञाला व्याख्यान द्यायला उभं करू नका. बागेत मुलांबरोबर फिरवा, मुलं विचारतील त्याचं उत्तर देऊ द्या. मासेमारी करणाऱ्या घरातली मुलं शेतीच्या मेळाव्यात आपण उपरे आहोत असं समजून गप्प बसतात. त्यांना माशांच्या कुट्टीचं खत माडाला कसं घालतात ते दाखवायला सांगा. ते त्यांना कोणापेक्षाही चांगलं येतं.

आता बियाण्याकडे येते. यावर जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक ठिकाणी ही देवघेव नुसती फोटोपुरती होते.

पहिली गोष्ट, पाकिटातून आणलेल्या संकरित जातीचं बी राखण्यात अर्थ नाही. त्याची पुढची पिढी एकसारखी निघत नाही, मुलं हिरमुसतात. म्हणून गावातलं जुनं बी शोधायचं. ते आज्यांकडे असतं. चुलीवरच्या शिंकाळ्यात, वाळलेल्या दुध्याच्या तुंब्यात, राखेच्या डब्यात. मुलांनी आजीकडे जाऊन ते मागून आणायचं आणि तिच्याकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या: हे कुठून आलं, कधी पेरायचं, कसं रांधायचं. माहेराहून आणलेलं बी हा कोकणातल्या घराघरातला खजिना आहे आणि ते सांगताना आज्या खुलतात.

दुसरी गोष्ट, कुठल्या पिकाचं बी मुलांनी राखावं. चवळी, वाल, पावटा, भात, नाचणी यांचं परागीकरण बहुतांशी फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे जात फारशी बिघडत नाही. सुरुवात यांनीच करा. वेलभाज्यांचं तसं नाही. पडवळ, काकडी, भोपळा, दोडका यांची नर आणि मादी फुलं वेगळी, परागकण मधमाश्या नाहीतर पतंग नेणार, शेजारच्या परड्यात दुसरी जात असली की मिसळ झालीच. ज्या मुलांना यात रस आहे त्यांना हातपरागीकरण शिकवा. त्यासारखं आनंदाचं काम दुसरं नाही. मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या मागे इवलंसं फळ असतं. काकडीचं फूल सकाळी उमलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी उद्या फुलणारी एक नर आणि एक मादी कळी दोऱ्याने हलकेच बांधून ठेवायची. सकाळी सोडायची, नर फुलाच्या पाकळ्या खुडून त्याचे पराग मादी फुलावर टेकवायचे, आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. दोडक्याचं उलटं, तो दिवेलागणीला फुलतो. त्याची कळी दुपारी बांधायची आणि संध्याकाळी हे काम करायचं. फळ धरलं की देठाला लाल दोरा बांधा, म्हणजे घरातलं कोणी भाजीला तोडणार नाही. दोडका वेलावरच करकरीत वाळू द्यायचा, हलवला की आत बी वाजलं पाहिजे. काकडी पिवळी-तांबूस होऊन मऊ पडेपर्यंत ठेवायची, गर दोन दिवस आंबवायचा, मग बी धुऊन सावलीत वाळवायचं. फळ कडू निघालं तर त्याचं बी ठेवायचं नाही. भोपळा, काकडी, दुधी यांच्या बाबतीत हा नियम मुलांना घोकून पाठ करायला लावा.

तिसरी गोष्ट ओलावा. देशावरची बी राखायची पद्धत आपल्या किनाऱ्यावर पुरत नाही, कारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत हवाच दमट. बी चांगलं उन्हात वाळवून, राखेत घोळून, काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं. बाटली अर्धी रिकामी राहिली तर वरची जागा राखेने भरून काढा. कडधान्याला भुंगा लागतो, त्याला राख किंवा तेलाचा पुसट हात हे दोन्ही उपाय चालतात. एप्रिलमध्ये, वळीव पडायच्या आत, बाटल्या उघडून बी पुन्हा एकदा ऊन दाखवून ठेवायचं. रोहिणीत पेरायला काढाल तेव्हा पश्चात्ताप होणार नाही.

चौथी गोष्ट, मेळाव्याला आणायच्या आधी प्रत्येक गटाने उगवण तपासायची. वीस बिया ओल्या सुती फडक्यात ओळीने ठेवून गुंडाळी करायची, फडकं रोज ओलसर ठेवायचं, सहाव्या-सातव्या दिवशी मोजायचं. पंधराच्या वर आल्या तर उत्तम. दहा ते पंधरा आल्या तर दाट पेरा असं पाकिटावर लिहायचं. दहापेक्षा कमी आल्या तर ते बी दुसऱ्याला द्यायचं नाही. हा आकडा पाकिटावर मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचा. खाली त्याचं नाव, गाव, बी कोणाकडून मिळालं ते, पेरल्याचा आणि काढल्याचा महिना. जुन्या वहीच्या कागदाची पुडी चालते, प्लॅस्टिक नको, दमटपणा आत कोंडतो.

भातासाठी मेळाव्यातच एक प्रात्यक्षिक करा, मुलांना ते जाम आवडतं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचं बियाणं ओतायचं. पोकळ दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं भरीव बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. आपल्या घरच्या बियाण्यात किती पोचट दाणे होते हे डोळ्यांनी दिसतं, आणि मूल घरी जाऊन बापाला सांगतं. खरं काम पेरणीआधीचं आहे, जानेवारीत ते फक्त दाखवायचं.

देवघेवीचा नियम सोपा ठेवा: मूठभर न्यायचं, पुढच्या मेळाव्यात दोन मुठी परत आणायचं, एक मूळ देणाऱ्याला आणि एक सामाईक पेटीत. पूर्वी सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट परत करायच्या बोलीवर, भात उसनं देत घेत, ही तीच रीत, फक्त इथे कोणी सावकार नाही. कोणी काय नेलं याची एक वही. ती वही सांभाळायचं काम एखाद्या नेटक्या नववीतल्या मुलीकडे द्या आणि पुढच्या वर्षी तिने ती पुढच्या गावाला सोपवायची. मला विचाराल तर मेळावा यशस्वी झाला की नाही हे मी दुसऱ्या वर्षी त्या वहीत बघते, किती पुड्या परत आल्या ते.

रविवारी सकाळी दोन तास यजमानांसाठी सगळ्यांनी मिळून खरं काम करायचं. देखावा नको, असं काम हवं की जे यजमानांना एकट्याने करायला आठवडा लागला असता. गडगा ढासळला असेल तर तो रचा, कुंपणाला गिरिपुष्पाचे खुंट रोवायची जागा आखून ठेवा, कंपोस्टचा खड्डा भरा. गावात वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, असेल तर मात्र दुसरं काही बघू नका, लावणी करा. डॉ. नारायण सावंत यांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरवर आलटूनपालटून खुणा असतात, तिने रोपं लावली की मुलांना लावणीतलं गणित कळतं. चार-चार चुडांचा चौकोन तयार होतो आणि त्याच्या मधोमध खताची गोळी खोचायची असते. शिवाय आधी चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, गुंठ्याला साधारण तीस किलो. तो पाला यजमान मुलांनी आधी तोडून, वजन करून ठेवावा. एका बाजूला घरची नेहमीची लावणी, दुसऱ्या बाजूला दोरीची, आणि एप्रिलमध्ये कापणीला यजमान मुलांनी दोन्हींचं वजन करून सगळ्या शाळांना कळवायचं. प्रयोग म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही मग.

काय ठेवू नये तेही सांगते. कलमं बांधण्याचं प्रात्यक्षिक जानेवारीत नको. आंब्याची कोय कलमं पावसाळ्यात, कोयी रुजून रोप कोवळं असताना बांधतात. नुसतं दाखवायचं म्हणून अवेळी बांधलेलं कलम मरतं आणि मुलाला वाटतं आपला हात वाईट. चित्रकला स्पर्धा, पहिला-दुसरा-तिसरा नंबर, ट्रॉफी हेही नको. परसबागांच्या सरकारी स्पर्धा वेगळ्या असतात, त्यांत भाग घ्यायचा तर खुशाल घ्या. मेळाव्यात नंबर आले की मुलं फसलेलं लपवायला लागतात.

वाडीतल्या मोठ्या मुलांसाठी शनिवारी रात्री वेगळी बैठक ठेवा, कारण त्यांचा प्रश्न पोटाचा आहे. यातून वर्षाला हातात किती पडेल, हे त्यांना कोणीतरी सरळ सांगायला हवं. भाजीवर कोकणात घर चालत नाही. काजू, कोकम, हळद, नारळ यांच्या जोडीने चालू शकतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकनाचा फायदा नोंदणी केलेल्या उत्पादकालाच घेता येतो. ती नोंदणी करायची कशी, हे एखाद्या अशा तरुणाने सांगावं ज्याने ती स्वतः केली आहे. आणि जमिनीचं बोलणं टाळू नका. पडीक जमीन कसायला घेताना सातबारावर दहा-बारा नावं असतात, निम्मी मुंबईत. तोंडी परवानगीवर तीन वर्षं राबून जमीन सुधारली की मालकाला ती परत हवीशी वाटते. गटाने किमान पाच वर्षांचा लेखी करार करावा, आणि करायच्या आधी जाणकार वकिलाला दाखवावा.

जेवणाला केटरर नको. प्रत्येक घरातून शिधा: तांदूळ, नाचणीचं पीठ, एक नारळ, मूठभर कुळीथ. कुळथाची पिठी, भाकरी, माठाची भाजी, सोलकढी, एवढ्यात मुलं तृप्त होतात. रात्रीसाठी रायगडकडची पोपटी जरूर करा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा, त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा, अर्ध्या-पाऊण तासात वास सुटतो. पाण्याचा थेंब लागत नाही. अंडी किंवा कोंबडी घालणाऱ्यांचं मडकं वेगळं ठेवा.

सुरक्षेकडे कानाडोळा नको. कोकणात फुरसं दगडाखाली आणि पाल्यात असतं, विंचूही. मुलांनी दगड हाताने उचलायचा नाही, आधी काठीने हलवायचा. अंधारात बॅटरीशिवाय हिंडायचं नाही. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असंख्य जीव वाचवले. ते औषध आणि सर्पदंशाची लस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे तुम्ही स्वतः जाऊन विचारून या. चिखलात उतरणाऱ्या मुलांच्या पायांना जखम नको, दूषित पाण्यातून आणि चिखलातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते. दक्षिणेकडे, दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे जंगलातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडलेत आणि त्याचा काळ हिवाळा ते उन्हाळा असाच आहे. त्या बाजूची मुलं यजमान झाली तर जंगलफेरी ठेवू नका. विहिरीला कठडा नसेल तर तिच्याभोवती दोन दिवस बांबू बांधा. कोयत्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या.

पैशांचं म्हणाल तर फार लागत नाहीत. प्रवास आणि थोडं किराणा सामान, बस्स. गावाच्या मुंबईतल्या मंडळाला पत्र लिहा, पण बॅनर आणि ट्रॉफ्यांसाठी पैसे मागू नका. पाण्याची टाकी, पाइप, विळे, टिकाव, बी ठेवायच्या काचेच्या बरण्या मागा. चाकरमानी अशा वस्तूंना सहसा नाही म्हणत नाहीत, पुढच्या गणपतीत येऊन स्वतः बघतातही. पुढारी आणि अधिकारी यायचे असतील तर रविवारी शेवटच्या तासाला बोलवा. मुलांनी त्यांना बियाण्याच्या टेबलाशी नेऊन पुड्या दाखवाव्यात. हार-नारळ नाही, भाषण नाही, हे आधीच नम्रपणे कळवा. बहुतेकांना ते आवडतं.

शाळांच्या बाजूने एक आधार तुमच्या हातात आहे. माध्यान्ह भोजन योजनेत शाळांनी पोषणबाग करावी अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या, आणि २०२१ मध्ये योजनेचं नाव ‘पीएम पोषण’ झालं तरी ती बाब तशीच आहे. त्यामुळे मुख्याध्यापकांना हे जास्तीचं काम वाटायचं कारण नाही. बागेतली किती भाजी शाळेच्या भाताबरोबर शिजली याची नोंद ठेवत असाल तर ती मेळाव्यात लावा.

निरोप घ्यायच्या आधी पुढच्या वर्षीचं गाव आणि तारीख तिथेच, मुलांसमोर जाहीर झाली पाहिजे. मग वर्षभर त्या गावची मुलं काही ना काही करत राहतात. नोव्हेंबरात व्हाळावर वनराई बंधारा घालणं त्यांच्याच अंगावर येतं, कारण जानेवारीत पाहुण्यांना हिरवे वाफे दाखवायचे तर पाणी अडवायला हवं.

आता गणपती तोंडावर आलेत आणि वेलांना फळं लागलीत. म्हणजे या वर्षीचा मेळावा जमवायला वेळ आहे, पण बी धरायला पंधरा-वीस दिवसच. सगळ्या शाळांना उद्याच निरोप धाडा की प्रत्येक वेलावरची दोन निरोगी, मधल्या वेळची फळं बियाण्याला सोडा. अगदी पहिलं नको, शेवटचंही नको. सुट्टी संपली की मुख्याध्यापकांची एकदाच बैठक घ्या. यजमान शाळा ठरवा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या, आणि बाकी सगळं पाच-सहा मुलांच्या एका समितीकडे सोपवा. त्यात निम्म्या मुली असू द्या.